भीती एकाला, ऊन दुसऱ्याला

महाराष्ट्रात सनस्क्रीनच्या जाहिरातीत जो चेहरा दिसतो, तो दुपारी बारा वाजता उन्हात उभा नसतो. तो गाडीत बसलेला असतो, फार तर कॉलेजच्या फाटकापासून कँटीनपर्यंत चालतो. बारा वाजता खरोखर उन्हात असतात त्या कांदा काढणाऱ्या बाया, रस्त्यावर डांबर ओतणारे मजूर, चौकातला वाहतूक पोलीस, जवळा वाळत घालणाऱ्या कोळणी. गेल्या काही वर्षांत या जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या मिनिटभराच्या व्हिडिओंत त्वचेच्या कर्करोगाचंही नाव येऊ लागलं आहे. घरात बसलात तरी लावा, पावसाळ्यात लावा, गॅससमोर उभं राहण्याआधी लावा. नाहीतर सुरकुत्या, नाहीतर काळे डाग, नाहीतर कॅन्सर. तिन्ही जणू एकाच मापाची संकटं.

ही भीती आपण नको त्या दारात नेऊन ठेवली आहे, असं माझं मत आहे. ज्यांना ऊन क्वचित लागतं त्यांना ती विकली जाते. ज्यांना रोज लागतं, त्यांच्या डोक्यावर सावली असावी असं कोणी म्हणत नाही. आणि आपल्या लोकांच्या कातडीला जो कर्करोग प्रत्यक्षात होतो तो कुठे होतो, कसा दिसतो, हे जाहिरातवाल्यांना सांगायचं नाही आणि सरकारी आरोग्यशिक्षणाने सांगितलेलं नाही.

आधी विज्ञानातलं जे पक्कं आहे ते मांडतो, म्हणजे गैरसमज नको. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेचा कर्करोग होतो यात आता वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सूर्यकिरणांना कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातलं. त्याच गटात तंबाखूही आहे. हे किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की साखळीतले शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. पेशी असा बिघडलेला तुकडा कापून काढते आणि तिथे नवा भरते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल अझीझ सँकार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. दुरुस्ती आयुष्यभर चालू असते, पण रोजच्या हजारो तुकड्यांतला एखादा राहून जातो. तो जर पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकात असला, तर त्या पेशीच्या वंशाला पुढे कोणी आवरणारं राहत नाही. यातून होणारे कर्करोग मुख्यतः तीन. बेसल पेशींचा हळू वाढतो, नाकावर किंवा डोळ्याच्या कडेला येतो आणि सहसा शरीरात पसरत नाही. स्क्वेमस पेशींचा कान, खालचा ओठ, हाताची पाठ अशा जागी येतो आणि पसरू शकतो. तिसरा मेलॅनोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा. तिन्हींत तो कमी आढळतो, पण जीव घेण्यात पुढे.

यातलं उन्हाचं नातं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ऑस्ट्रेलियात. ढगाळ बेटांवरून आलेली फिकट कातडीची माणसं दोन-अडीच शतकांपूर्वी तिथल्या कडक उन्हात जाऊन राहिली, आणि आज तिथे सत्तरीपर्यंत दर तिघांतल्या दोघांना कधी ना कधी त्वचेचा कर्करोग होतो. १९८१ पासून तिथे शर्ट घाला, मलम लावा, टोपी चढवा ही मोहीम घराघरात पोचवली गेली. सनस्क्रीनचा खरा फायदा किती, याचा सगळ्यात भक्कम पुरावाही तिथलाच. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर या गावात १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस पेशींचे कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तेव्हा मेलॅनोमा मर्जीवर सोडलेल्यांत २२ आणि रोज लावणाऱ्यांत ११ निघाले. सनस्क्रीन म्हणजे निव्वळ थोतांड, असं म्हणणाऱ्यांनी ही चाचणी वाचावी.

पण ती चाचणी कोणाच्या कातडीवर झाली, हेही वाचावं. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेत 'टोपी नाही तर मैदान नाही' हा नियम पाळतात, आणि तिथून भारतात फोन येतो की आईने आता पन्नासचं सनस्क्रीन लावायला सुरुवात करावी. प्रेम समजण्यासारखं आहे. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातल्याच तज्ज्ञांनी २०२४ मध्ये आपला सल्ला बदलला. त्यांनी लोकांचे धोक्यानुसार तीन गट पाडले आणि गडद तपकिरी ते काळ्या त्वचेच्या माणसांबद्दल म्हटलं की त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका खूप कमी आहे. बराच वेळ उघड्यावर राहायचं नसेल तर रोज सनस्क्रीनची गरज नाही, उलट ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागू द्यावं. ज्या देशाने जगाला उन्हाची भीती शिकवली तो देश आता 'सगळ्यांना एकच नियम नको' म्हणतोय, आणि आपण त्याचा १९८१ चा धडा २०२०-२५ मध्ये गिरवतोय.

काळेपणा हे संरक्षण आहे, हे मोजलेलं आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या त्वचेचा बाह्य थर स्वतःच साधारण १३ एसपीएफइतका (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या नळीवरचा संरक्षणाचा आकडा) आडोसा देतो असं दिसलं. गोऱ्यांच्या त्वचेत तो आकडा साडेतीनच्याही आत होता. आपण बहुतेक या दोन टोकांच्या मध्ये, गडद टोकाकडे झुकलेले. भारतातल्या सगळ्या कर्करोगांत त्वचेचे कर्करोग एक-दोन टक्क्यांच्या आसपास धरले जातात. मुंबईत १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून कर्करोगाची नोंदवही चालते. बार्शीची तर देशातली ग्रामीण भागाची पहिली. आयुष्य शेतात काढणाऱ्या लोकांच्या त्या नोंदींत तोंडाचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा कर्करोग वर आहे. त्वचेचा खूप खाली. तेव्हा पुण्यात एअर कंडिशनरखाली बसलेल्या, सावळ्या, निरोगी मुलीला कर्करोगाच्या नावाने दर महिन्याला आठशे रुपयांची नळी घ्यायला लावणं, याला आरोग्यशिक्षण म्हणता येत नाही.

मग आपल्याकडे त्वचेचा कर्करोग नसतोच का? असतो. तो उन्हाच्या वाटेने कमी येतो, आणि म्हणूनच नजरेतून सुटतो.

काश्मीरमध्ये थंडीत फिरन नावाच्या सैल झग्याच्या आत, पोटाशी किंवा मांड्यांत कांगडी धरून बसायची पद्धत आहे. मातीचं भांडं, वर वेताचं विणकाम, आत निखारे. वर्षानुवर्षं त्याच जागी चटके बसून पोटावर आणि मांडीवर कर्करोग होतो, हे मिशनरी डॉक्टर एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये लिहून ठेवलं. त्या जागेला जन्मात कधी ऊन लागलेलं नसतं. आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं. टाटा मेमोरियलमध्ये विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये चालीरीतींतून होणाऱ्या भारतातल्या कर्करोगांवर लेख लिहिला. त्यात धोतर कंबरेला घट्ट कसून नेसणाऱ्यांच्या कंबरेवरच्या कर्करोगाची नोंद होती. पुढे साडी आणि परकराच्या नाडीबद्दलही अशाच नोंदी झाल्या. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून अशा दोन वयस्क बायकांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीला नाडीच्या जागी न भरणारी जखम होती; दुसरी परकर न घालता लुगडं घट्ट आवळून नेसणारी. नाडी रुंद ठेवा, सैल बांधा, रोज थोडी वर-खाली करा, काचलेल्या जागी काळं आणि जाड झालं असेल तर दाखवा. एवढं सांगायला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा. पण हे एखाद्या बचत गटाच्या बैठकीत सांगताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही.

भाजल्याच्या जुन्या व्रणांचं तसंच. स्टोव्हचा भडका, चुलीतला निखारा, उकळत्या पाण्याचं पातेलं. आपल्याकडे बाईच्या अंगावर असा व्रण असणं दुर्मीळ नाही. त्यातल्या काहींवर, बहुतेकदा वीस-तीस वर्षांनी, पुन्हा जखम होते आणि भरत नाही. फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांनी अशा जखमांचं वर्णन १८२८ मध्ये केलं होतं आणि अजूनही त्यांचंच नाव त्यांना आहे. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांच्या बधिर तळपायांवर वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमांतही हाच कर्करोग निघतो. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकेच्या पाण्यातल्या आर्सेनिकने होतो, तिथे आधी तळहात-तळपाय खडबडीत होतात. या सगळ्यांत सामाईक काय, तर गरिबी, आणि दुखणं अंगावर काढायची सवय.

मेलॅनोमाची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. आपल्या वर्णाच्या लोकांत तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. अशा जागी येणाऱ्या मेलॅनोमाशी उन्हाचा संबंध फारसा लागत नाही. त्यामुळे चेहऱ्याला कितीही सनस्क्रीन चोपडलं तरी त्याला काही फरक पडत नाही. गायक बॉब मार्ली याच प्रकाराने गेला. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये निदान झालं, ती फुटबॉल खेळताना लागलेली जखम असावी असं आधी वाटलं होतं. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो वारला. आपल्याकडे तळपायाच्या काळ्या डागाला कुरूप म्हणायचं, काटा मोडून राहिला असेल म्हणायचं, ब्लेडने खरवडायचं, औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून चिकटवायची. अनवाणी चालणाऱ्या माणसाचा तळपाय भेगाळलेला, मातीने काळा झालेला. त्यात एक डाग वाढतोय हे कोण पाहणार? जांघेत गाठ आली की मग माणूस तालुक्याला जातो, आणि तोवर रोग पायातून वर चढलेला असतो.

यात डॉक्टरांच्या शिक्षणाचाही भाग आहे. तीळ कधी संशयास्पद समजायचा याची जी यादी जगभर शिकवली जाते (दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या, रंग अनेक, आकार मोठा) ती मुख्यतः गोऱ्या पाठीवरच्या आणि पायांवरच्या तिळांवरून बेतलेली. पाठ्यपुस्तकांतले फोटोही वर्षानुवर्षं त्याच कातडीचे. आपल्या लोकांत बेसल पेशींचा कर्करोग बरेचदा काळा असतो. नाकाच्या बाजूला चकचकीत काळी गाठ, मधूनच रक्त येतं, खपली धरते, पडते, पुन्हा धरते. घरचे म्हणतात चामखीळ आहे. नखांवर तपकिरी रेघा सावळ्या माणसांत खूप जणांना असतात आणि दोन-चार नखांवर असतील तर काळजीचं सहसा कारण नसतं. पण एकाच नखावरची रेघ रुंद होत चालली, तिचा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर ते वेगळं. वाढणारा डाग असो की महिना उलटूनही न भरणारी जखम, दाखवायला हवी. सुई टोचली किंवा चाकू लावला की कॅन्सर पसरतो, ही समजूत अजून सुशिक्षित घरांतही ऐकू येते. ती खोटी आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही, आणि वेळेत निदान झालं तर यातले बहुतेक कर्करोग नुसते कापून काढून बरे होतात. मेलॅनोमा पसरल्यावरची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं निघाली आहेत, त्यांच्या मूळ शोधाला २०१८ चं वैद्यकाचं नोबेलही मिळालं, पण त्यांची किंमत ऐकली की शेतकरी जमिनीचा विचार करू लागतो.

आता बाजाराकडे वळतो. १९७५ मध्ये भारतात फेअर अँड लव्हली आली आणि चार दशकं गोरेपणाच्या आशेवर चालली. २०२० मध्ये तिने नाव बदललं. नाव बदलण्यामागे जो दबाव होता तो योग्यच होता, पण मागणी काही नाव बदलत नाही. ती सनस्क्रीनकडे सरकली. पूर्वी मुलगी 'उजळायला' क्रीम लावायची, आता 'टॅन' होऊ नये म्हणून लावते. आईला पूर्वी काळजी होती की उन्हात काळवंडली तर लग्नाच्या वेळी बोलणी ऐकावी लागतील. आता तीच काळजी डॉक्टरी भाषेत मांडायची सोय झाली. कर्करोगाचं भय पुढे केलं की गोरेपणाबद्दल बोलावं लागत नाही. त्वचारोगतज्ज्ञांचा यावर आक्षेप असेल की ऊन फक्त कर्करोगच करतं असं नाही. वांग वाढतं, त्वचा लवकर जून होते, मोतीबिंदूला हातभार लागतो. खरं आहे. ज्या बाईला वांगाचा त्रास आहे तिला सनस्क्रीनने नक्की उपयोग होतो आणि तिने ते बेलाशक वापरावं. माझं भांडण मलमाशी नाहीच. वांगाला वांग म्हणा, सुरकुतीला सुरकुती म्हणा, एवढीच मागणी आहे. सौंदर्यासाठी पैसे खर्च करणं हा गुन्हा नाही, त्यासाठी मरणाचा धाक घालायची गरज नाही. तोही अशा देशात, जिथे भर उन्हाच्या प्रदेशात राहूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी सापडते.

शिवाय उन्हात काम करणाऱ्याला सनस्क्रीन हा उपाय कधी परवडणारच नाही, हा साधा हिशेब आहे. नळीवरचा एसपीएफचा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर दिलेला असतो. आपण लावतो त्याच्या निम्माही नाही, आणि मग आकड्याचा अर्थ उरत नाही. चेहरा, मान आणि दोन्ही हात नीट झाकायचे तर एका वेळेला पंधरा मिलिलिटरच्या आसपास लागतं. घाम येणाऱ्याने दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. म्हणजे पन्नास मिलिलिटरची नळी दिवस-दीड दिवसात संपली. रोजगारावर जाणारी बाई दिवसाची मजुरी मलमात घालेल का?

ती जे करते ते जास्त शहाणपणाचं आहे. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून पदर, त्यावर टॉवेल. विदर्भात पुरुष तोंडाला शेला गुंडाळतात. शहरात स्कूटरवरच्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट. त्याची एके काळी टवाळी झाली, पण किरण अडवायला घट्ट विणीचं कापड हे मलमापेक्षा खात्रीचं. ते घामाने उतरत नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही, आणि ते मुलगी गोरी राहावी म्हणून बांधते की धूळ नको म्हणून, याच्याशी किरणांना कर्तव्य नसतं. फक्त पातळ, ओलं, विरलेलं पांढरं सुती कापड बरेच किरण आत सोडतं.

कापड माणूस आपलं आपण बांधू शकतो. सावली बांधू शकत नाही. ती रस्त्यावर, बाजारात, कामाच्या जागी कोणीतरी सार्वजनिक पैशातून करावी लागते, आणि मला वाटतं त्वचेच्या प्रश्नात आपण जी सगळ्यात मोठी गोष्ट सोडून दिली आहे ती हीच. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस कोल्हापूरकडून नागपूरकडे सरकत जातो तेव्हा वर्तमानपत्रं बाटलीखाली हरवलेल्या सावलीचे फोटो छापतात. त्या दिवसांत आकाश निरभ्र असेल तर भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अतितीव्र' पट्ट्यात असतो. तीनच्या पुढे काळजी घ्या, असं तीच संघटना सांगते. हे किरण अंगाला गरम लागत नाहीत. त्यामुळे महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात ते कमी असतील असं वाटतं, प्रत्यक्षात दर हजार मीटर उंचीला साधारण १० टक्क्यांनी वाढतात. यंत्र नको, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत असं समजायचं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये एकत्र हिशेब मांडला: २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १६० कोटी लोकांना कामाच्या निमित्ताने हे किरण सोसावे लागले, आणि मेलॅनोमा सोडून इतर त्वचा-कर्करोगांनी झालेल्या दर तीन मृत्यूंपैकी जवळपास एक उन्हातल्या कामामुळे होता. त्यात गोऱ्या देशांचा वाटा मोठा असणार, हे मान्य. पण सावळी कातडी म्हणजे चिलखत नाही. तिचं नैसर्गिक संरक्षण चाळीस वर्षांच्या सालगडीपणाला पुरतं का, हे आपण मोजायलाही गेलेलो नाही. आणि सावलीचं कारण एकट्या कर्करोगापुरतं नाहीच. त्याच सावलीने उष्माघात टळतो, डोळे वाचतात, मूत्रपिंडं वाचतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी लोक तासन्तास उघड्यावर बसले, मान्यवरांच्या डोक्यावर छत होतं, आणि १४ माणसं गेली. ते उष्माघाताचे बळी. कर्करोगाशी त्याचा संबंध नाही. पण या राज्यात सावली कोणाला मिळते हे त्या दिवशी साऱ्यांना दिसलं.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पाणी आणि प्रथमोपचाराबरोबर सावलीही लिहिलेली होती. साइटवर जाऊन पाहिलं तर ती कागदावरच पडलेली असायची. केरळचं कामगार खातं उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ उघड्यावरच्या कामाला बंदी घालणारा आदेश काढतं. तो किती पाळला जातो हा प्रश्न वेगळा, पण निदान न पाळणाऱ्याला जाब विचारता येतो. आपल्याकडे बहुतेकदा 'दुपारी बाहेर पडणे टाळावे' असा सल्ला निघतो, जणू डांबर ओतणारा हौसेने बाहेर पडलेला असतो. मजूर अड्ड्यावर पत्र्याचं छप्पर नाही. बस थांब्याच्या छपरापेक्षा त्यावरची जाहिरात रुंद. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचे वड जातात आणि बदल्यात कुठेतरी दुसरीकडे हातभर रोपं लावल्याचं प्रतिज्ञापत्र येतं. वडाखाली रोज किती माणसं टेकत होती, याची किंमत त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नसते.

काही जणांना मात्र सनस्क्रीन औषधासारखंच हवं, आणि त्यांच्याबद्दल बाजार गप्प आहे. पहिली, जन्मतः अंगात रंगद्रव्य नसलेली माणसं, ज्यांना अल्बिनिझम आहे. पांढरे केस, गुलाबी कातडी, उजेडात न उघडणारे डोळे. शाळेत त्यांची चेष्टा होते, नजर कमकुवत म्हणून शिक्षण तुटतं आणि शेवटी वाट्याला येतं ते नेमकं उन्हातलं काम. अशा माणसाला आपलं महाराष्ट्रातलं ऊन ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या माणसापेक्षाही महागात पडतं. टांझानियात दर १,४०० मागे एक जण असा जन्मतो, आणि तिथे यातल्या अनेकांचा तरुणपणीच त्वचेच्या कर्करोगाने मृत्यू होत आला आहे. त्या गरीब देशात किलीमांजारोच्या पायथ्याशी, मोशी शहरात, खास या लोकांसाठी 'किलीसन' नावाचं सनस्क्रीन तयार होऊ लागलं आणि ते फुकट वाटलं जातं. दुसरे, झेरोडर्मा पिगमेंटोसम झालेली मुलं. यांच्यात डीएनएची ती वर सांगितलेली दुरुस्तीच होत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर ठिपके येतात आणि शाळकरी वयातच कर्करोग होऊ लागतात. हा विकार आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो, आणि मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या समाजांत तशी गाठ पडण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेत सनस्क्रीन औषधांत मोडतं, ऑस्ट्रेलियात उपचाराच्या वस्तूंत. आपल्याकडे ते लिपस्टिकच्या पंक्तीतलं प्रसाधन आहे आणि करही प्रसाधनाचा लागतो. ज्यांना शोभेसाठी हवंय त्यांच्याकडून तो जरूर घ्यावा. पण अल्बिनिझम किंवा झेरोडर्माचा दाखला असणाऱ्याला ते सरकारी रुग्णालयातून फुकट मिळालं पाहिजे, सोबत मोठ्या काठाची टोपी, गडद चष्मा आणि वर्षातून दोनदा त्वचेची तपासणी. जिल्ह्याला अशी माणसं थोडीच असतात. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधून काढावा लागेल इतका लहान असेल.

बाकीच्या तुमच्या-आमच्यासाठी तर नवं काही उभारायचंही नाही. तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती भरायला आशाताई जो फॉर्म घेऊन दारात येतात, त्यात कुष्ठरोगाच्या शोधासाठी आधीच विचारलेलं असतं की अंगावर बधिर चट्टा आहे का, तळहाता-तळपायावर पुन्हा पुन्हा जखम होते का. शोधमोहिमेत घरोघरी जाऊन कातडी बघायची सवय महाराष्ट्रात कित्येक वर्षांची आहे. त्याच फॉर्ममध्ये आणखी तीन ओळी घालता येतील: तळपायावर किंवा नखाखाली वाढता काळा डाग, भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा नाडीच्या जागी न भरणारी जखम, चेहऱ्यावर वरचेवर रक्त येणारी गाठ. सोबत आपल्याच लोकांच्या कातडीवरचे चार फोटो छापायचे, आणि तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस असा तुकडा काढून जिल्ह्याला पाठवायची सोय करायची. सोय न करता नुसत्या ओळी वाढवल्या तर आशाताईंच्या आधीच जड झालेल्या पिशवीत आणखी एक कागद पडेल, आणि त्या कागदाचा मोबदलाही त्यांना वेळेवर मिळणार नाही.